भोंगा थांबला, तरी दिवस थांबू नये

आपल्या वस्तीत सकाळी दहाच्या सुमारास एक फेरी मारून बघा. कोणी निवृत्त होऊन ओट्यावर बसलेला असतो, कोणाची कंपनी बंद पडलेली असते, कोणी पदवी घेऊन भरतीच्या जाहिरातीची वाट बघत असतो. 'काय चाललंय?' म्हणून विचारले की उत्तर एकच मिळते, 'काही नाही.' या 'काही नाही'ची आम्हाला फार भीती वाटते. कारण हे उत्तर आम्ही लहानपणी आमच्याच घरात ऐकले आहे.

आमचे वडील गिरणी कामगार. त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मिटलाच नाही आणि वडील पुन्हा कामावर गेले नाहीत. तेव्हा आम्ही पाळण्यात होतो. पण त्या संपाची सावली आमच्या सगळ्या बालपणावर पडली. आईने चार घरची धुणीभांडी करून चूल पेटती ठेवली.

आई सांगायची, पैशाची चणचण सोसता आली. यांचे गप्प बसणे सोसवत नव्हते. भोंगा वाजला की उठायचे, डबा घ्यायचा, पाळीला जायचे, हेच त्यांचे आयुष्य. भोंगा थांबला आणि त्यांचा दिवसच थांबला. हळूहळू पाय गुत्त्याकडे वळू लागले.

आम्ही शाळेत जाऊ लागलो त्या सुमाराची गोष्ट. शेजारच्या मावशी गावाहून आलेले पोस्टकार्ड घेऊन दारात आल्या. 'दादा, एवढं वाचून दाखवा की.' वडील सातवी पास. त्यांनी पत्र वाचले, उत्तरही लिहून दिले. दोन दिवसांनी मावशी आणखी एका बाईला घेऊन आल्या, रेशनकार्डाचा अर्ज भरायला. मग वडिलांनी जुनी पत्र्याची पेटी दाराबाहेर मांडली आणि वेळ ठरवली, सकाळी सात ते नऊ. कोणाकडून पैसा घेतला नाही. पेटीने पोट भरले नाही, हे खरे. पण सातला कोणीतरी आपली वाट बघते म्हणून वडील पुन्हा दाढी करू लागले. गुत्ता सुटला. पुढे वॉचमनची नोकरी लागली, तरी सुट्टीच्या दिवशी पेटी बाहेर यायचीच. आईही त्याच पेटीवर सही करायला शिकली.

आम्ही कारकून, हिशेबाची माणसे. वडिलांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडला तेव्हा आम्हाला एवढे कळले. जगण्याचा हेतू डोके धरून बसल्याने सापडत नाही. आधी हात कामाला लागतो, हेतू मागून येतो. दुसरे म्हणजे, हेतू नोकरीच्या खुंटीला बांधू नये. नोकरी देणारा ती काढूनही घेतो. तिसरे, वेळ ठरलेली असावी आणि कोणीतरी आपली वाट बघणारे असावे. याचा अर्थ रोजगाराची मागणी सोडून द्यावी, असा मुळीच नाही. हक्कासाठी भांडायचेच, पण भांडायलासुद्धा माणूस उभा राहिलेला लागतो.

सावित्रीमाईंकडे बघा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. १८४८ पासून दोघांनी मिळून चालवलेले काम. माई तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होत्या. 'आता माझे काय राहिले?' असे म्हणून त्या घरात बसल्या नाहीत. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. पुढे पुण्यात प्लेगची साथ आली. डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना त्यांनाही प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथीदार गेला तरी माईंचे काम थांबले नाही, कारण ते एका माणसासाठी नव्हतेच.

आपल्याकडे जयंतीच्या दिवसांत उत्साहाला तोटा नसतो. मंडप उतरला की तोच कार्यकर्ता पुन्हा 'काही नाही' म्हणतो. त्याला आमचे सांगणे एवढेच, वर्षाचे दहा दिवस धावू नका. आठवड्याचे दोन तास द्या, पण चुकवू नका.

वडिलांची ती पेटी आज आमच्याकडे आहे. पोस्टकार्ड आता कोणी आणत नाही. दर रविवारी संध्याकाळी पोरे येतात, शिष्यवृत्तीचे अर्ज मोबाईलवर भरायला. कधी एकच पोर येते, कधी कोणीच येत नाही. तरी आम्ही पेटी मांडून बसतो.

वाचक हो, तुमच्या शेजारी ओट्यावर कोणी गप्प बसला असेल, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्याकडे एखादे काम घेऊन जा. 'दादा, एवढं करून द्या की,' म्हणा. त्या मावशींनी आमच्या वडिलांना एवढेच म्हटले होते.