स्वस्त पार्लरमध्ये वॅक्सिंग आणि मॅनिक्युअर: पैसे देण्याआधी काय बघाल?

माहीम असो, पालघर की बोईसर, लग्नसराईत स्वस्त पार्लरमध्ये गर्दी असतेच. दर कमी म्हणजे धोका जास्त, असं मात्र नाही. एकच वस्तू किती जणींना वापरली जाते, हे महत्त्वाचं.

वॅक्सिंगमध्ये केसांबरोबर त्वचेचा वरचा पातळ थरही निघतो, कधी रक्ताचा ठिपका येतो. अंगाला लागलेली सुरी पुन्हा डब्यात बुडवली, की जंतूही डब्यात जातात. त्वचेला सोसेल इतपतच गरम असलेल्या वॅक्समध्ये ते मरतीलच असं नाही.

नखांचं काय? नखाच्या मुळाशी असलेली कातडी जंतूंना अडवते, ती कापू देऊ नका. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस टिकू शकतो. त्यामुळे कटर नुसता पुसून भागत नाही.

मग काय करायचं?

• कटर, फाइल घरून न्या.
• वॅक्ससाठी नवी लाकडी पट्टी आणि वापरून टाकायच्या स्ट्रिप्स मागा.
• मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉल सुरू असेल तर वॅक्सिंग टाळा. त्वचा सोलवटू शकते.
• नंतर पू झाला किंवा सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवा.

नवी पट्टी मागायला संकोच कसला? ती काही रुपयांत येते, संसर्गाचा उपचार नाही.