कापसाचा भाव ठरतो पेशीच्या भिंतीत

इंदिरानगर (बंगळूरु) : येथील १०० फूट रस्त्यावरील दुकानांत विकला जाणारा सुती सदरा आणि यवतमाळ वा अकोल्याच्या शिवारात फुटलेले कापसाचे बोंड, दोन्ही मुख्यतः एकाच पदार्थाचे बनलेले असतात. त्या पदार्थाचे नाव सेल्युलोज. वनस्पती तो नेमका कसा तयार करतात, याचे उत्तर गेल्या तीन दशकांत टप्प्याटप्प्याने उलगडत गेले आहे. कापूस उत्पादकाच्या हाती पडणाऱ्या दराशी त्या उत्तराचा थेट संबंध आहे.

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती एक भिंत असते आणि सेल्युलोज हा त्या भिंतीचा मुख्य आधार असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायें यांनी १८३८ मध्ये हा पदार्थ वेगळा करून दाखविला. ग्लुकोजचे हजारो रेणू सरळ रांगेत जोडले गेले की सेल्युलोजची एक साखळी तयार होते आणि अशा अनेक साखळ्या शेजारी-शेजारी घट्ट बांधल्या गेल्या की सूक्ष्म तंतू बनतो. तांदळातील स्टार्चही ग्लुकोजचाच असतो. मात्र दोहोंतील रेणूंची जोडणी भिन्न असल्याने माणसाला भात पचतो, सेल्युलोज पचत नाही.

कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेली एकच लांबट पेशी असते. फूल उमलते त्या दिवसाच्या सुमारास ही पेशी वाढू लागते आणि साधारण तीन आठवड्यांत अडीच ते तीन सेंटिमीटर लांब होते. लांबी पूर्ण होत आली की पेशी आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढवू लागते. हे काम पुढे आणखी सुमारे तीन आठवडे चालते. पक्व धाग्यात ९० टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचाच असतो. म्हणजेच धाग्याची लांबी पहिल्या टप्प्यात ठरते, तर त्याची परिपक्वता आणि भरीवपणा दुसऱ्या टप्प्यात.

हा भरीवपणा बाजारात ‘मायक्रोनेअर’ या मापाने ओळखला जातो. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा किती सहजतेने जाते, यावरून धाग्याचा बारीकपणा आणि परिपक्वता यांचा एकत्रित अंदाज घेतला जातो. भिंत पातळ राहिलेल्या अपक्व धाग्यांच्या सुतात गाठी पडतात आणि ते रंगही कमी घेतात. परिणामी, रंगविलेल्या कापडावर पांढुरके ठिपके दिसतात. केंद्र सरकारच्या किमान आधारभूत किमतीतही या मापाला स्थान आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये दर जाहीर झाला. लांब धाग्याच्या या दरासाठी धाग्याच्या लांबीबरोबरच ३.५ ते ४.३ मायक्रोनेअर हा निकष धरला जातो.

सेल्युलोज विणणाऱ्या यंत्रणेचा शोध लागण्यातही कापसाचा वाटा मोठा आहे. भिंत जाड होण्याच्या काळात कापसाची ही पेशी जवळजवळ अन्य काही करीत नाही. त्यामुळे सेल्युलोज बनविणाऱ्या जनुकाच्या खुणा तिच्यात विपुल सापडतात. याच आधारे १९९६ मध्ये डेबोरा डेल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींतील सेल्युलोज संश्लेषक प्रथिनाचे जनुक कापसाच्या धाग्यातून ओळखले.

ही प्रथिने पेशीच्या पटलात सहा पाकळ्यांच्या फुलासारखे पुंजके करून बसलेली असतात. प्रत्येक प्रथिन पेशीतील ग्लुकोज घेऊन एक साखळी बाहेर सोडते. २००६ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या संशोधकांनी हे पुंजके जिवंत पेशीत फिरताना पाहिले. पेशीतील सूक्ष्मनलिकांच्या मार्गाने, मिनिटाला मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतक्या गतीने, ते मागे तंतू सोडत पुढे सरकत होते. २०२० मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील योखेन झिमर यांच्या गटाने पॉप्लर वृक्षातील या प्रथिनाची रचना उलगडली. तीन प्रथिने एकत्र येऊन एक घटक बनतो, हे त्यातून स्पष्ट झाले. अशा सहा घटकांच्या एका पुंजक्यातून १८ साखळ्यांचा तंतू बाहेर पडतो, या अनुमानाला त्यामुळे बळ मिळाले.

ही विणकाम यंत्रणा तापमानाला संवेदनशील आहे. रात्रीचे तापमान १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्यास सेल्युलोज साठण्याचा वेग मंदावतो, असे अमेरिकेतील प्रयोगांत आढळले. थंड रात्री आणि उबदार दिवस आलटून-पालटून आले, तर धाग्याच्या भिंतीत झाडाच्या खोडासारखी वलयेही उमटतात. पाण्याचा ताण पडला किंवा पाने अकाली गळाली, तर पेशीला साखरेचा पुरवठा अपुरा होतो आणि भिंत पातळ राहते.

विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. उशिरा लागलेली बोंडे थंडीत पोसली जातात आणि हंगाम लांबवून घेतलेल्या फरदडीच्या कापसाचा दर्जा पहिल्या वेचणीच्या तुलनेत उतरतो. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने कृषी विभाग फरदड टाळण्याचा सल्ला देतो. त्याला पेशीच्या भिंतीचे हे दुसरे कारणही जोडता येते. वेळेवर पेरणी, बोंडे भरण्याच्या काळात ओलाव्याची काळजी आणि पहिल्या व शेवटच्या वेचणीचा कापूस वेगळा साठविणे, हे उपाय म्हणूनच महत्त्वाचे ठरतात. चांगला आणि अपक्व कापूस एकत्र झाल्यास संपूर्ण ढिगाचे मायक्रोनेअर घसरते आणि चांगल्या कापसाचेही मोल कमी होते.

माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९२४ पासून धाग्याच्या गुणवत्तेचे मोजमाप होत आले आहे, तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत वाणांवर काम चालते. वाणाची निवड करताना बोंडांच्या संख्येइतकेच लक्ष, प्रतिकूल हवामानातही धागा भरीव ठेवण्याच्या क्षमतेकडे द्यावे लागणार आहे. शेतकऱ्याने वजनावर विकलेल्या कापसाचा दर अखेर त्या तीन आठवड्यांतील विणकामावरच अवलंबून असतो.