जुना ट्रक, जाम झालेला नट आणि एक कुटुंब

शंभर वर्षांपूर्वीचा एखादा ट्रक पुन्हा चालू करायचा, तर पहिली अडचण कोणती येईल? हा प्रश्न वर्गात विचारला, तर मुले इंजिन, टायर, बॅटरी अशी उत्तरे देतील. ज्यांनी हे काम केले आहे त्यांचे उत्तर मात्र साधे असते : नट. नट फिरत नाही. जोर लावावा तर बोल्टचे डोके तुटून हातात येते, आणि खरे काम तिथून पुढे सुरू होते.

जुन्या मोटारी जमवणारे लोक आपल्याला ठाऊक आहेत. जुने अवजड ट्रक जमवून ते दुरुस्त करणारे लोकही आहेत, आणि अमेरिकेत त्यांची संख्या बरीच मोठी आहे. 1971 साली तेथे ट्रकांच्या इतिहासासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आयोवा राज्यात वॉलकॉट या गावी महामार्गावर ‘आयोवा 80’ नावाचा ट्रकचालकांचा मोठा थांबा आहे. त्याचे संस्थापक बिल मून यांना जुने ट्रक जमवण्याचा नाद होता. 1992 साली ते वारले. त्यांचे स्वप्न घरच्या मंडळींनी पुरे केले आणि 2008 साली तेथे ट्रकांचे संग्रहालय उघडले. आज त्यात शंभराहून अधिक जुने ट्रक आहेत.

हा छंद घरादाराचा का होतो, हे समजणे अवघड नाही. कित्येक टनांचे धूड एकट्या माणसाने हालत नाही. ते ठेवायला शेतावरची मोठी शेड लागते, आणि काम चार-पाच वर्षे चालते. बहुधा आजोबांनी कधीकाळी तसला ट्रक चालवलेला असतो, मुलगा वेल्डिंग करतो, आणि नातवंडे सुट्या भागांना चिठ्ठ्या बांधून त्यांचे फोटो काढतात. हे चिठ्ठ्या बांधण्याचे काम लहान वाटते; पण दोन वर्षांनी जोडणी करताना सगळे त्यावरच अवलंबून असते. यंत्र आणि ते चालवण्याची कला, दोन्ही एका पिढीकडून दुसरीकडे जातात ते अशा कामातून. या कामात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र किती भरले आहे, ते आता पाहू.

साखळीवर चालणारा ट्रक

उदाहरणासाठी एक ठरावीक ट्रक घेऊ. मॅक कंपनीचा ‘एसी’ हा ट्रक 1916 साली बाजारात आला आणि 1930 नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिला. असे चाळीस हजारांहून अधिक ट्रक तयार झाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ते हजारोंच्या संख्येने वापरले. चिखलातून नेटाने वाट काढणाऱ्या या ट्रकला ब्रिटिश सैनिकांनी ‘बुलडॉग’ म्हटले, असे सांगतात. पुढे 1932 साली कंपनीचे मुख्य अभियंता आल्फ्रेड मासुरी यांनी रुग्णालयात असताना बुलडॉगची आकृती कोरली, आणि तीच ट्रकच्या नाकावर बसली.

या ट्रकचे मागचे चाक सायकलीसारखे साखळीने फिरते. दोन्ही बाजूंना एकेक जाड साखळी असते. असे का केले असावे?

हिशेब करून पाहू. समजा, इंजिन मिनिटाला 1000 फेरे घेते आणि चाकाचा व्यास 1 मीटर आहे. ट्रकचा वेग ताशी 24 किलोमीटर, म्हणजे मिनिटाला 400 मीटर. चाकाचा परीघ सुमारे 3.14 मीटर, म्हणून चाक मिनिटाला सुमारे 127 फेरे घेईल. म्हणजे इंजिन आणि चाक यांच्यामध्ये फेरे आठपट कमी करावे लागतात. फेरे आठपट कमी झाले की चाकावरचा पीळ (घर्षणात जाणारा भाग सोडून) आठपट वाढतो. पाच टन माल चढावर ओढायला हा वाढलेला पीळच हवा असतो. सायकलवर चढ चढताना आपण मागचे मोठे दंतचक्र निवडतो, त्यामागचे तत्त्व हेच.

ही सगळी घट मागच्या आसातच करायची, तर तेथे मोठी, भक्कम आणि जड दंतचक्रे बसवावी लागतात. त्या काळी टायर भरीव रबराचे होते. हवेची उशी नव्हती. रस्त्यावरचा प्रत्येक धक्का स्प्रिंगखालच्या सगळ्या वजनाला थेट बसे. म्हणून अभियंत्यांनी जड दंतचक्रे स्प्रिंगच्या वर, सांगाड्यावर ठेवली. खाली राहिला तो न फिरणारा साधा आस, आणि चाकापर्यंत शक्ती नेण्याचे काम साखळीकडे आले. साखळीला आवाज फार, धूळ-चिखलाने ती लवकर झिजते. तरीही त्या काळच्या रस्त्यांना आणि टायरांना तोच शहाणपणाचा उपाय होता. पुढे हवेचे टायर आले, दंतचक्रांचे पोलाद सुधारले आणि साखळी मागे पडली. म्हणून जुने यंत्र पाहताना ‘असे विचित्र का?’ असे न विचारता ‘त्या वेळी अडचण कोणती होती?’ असे विचारावे.

नट का फिरत नाही?

आता आपल्या नटाकडे वळू. लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज चढतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. तिथे गंज धरला की तो पाचरीसारखा दाटून बसतो. जोर लावल्यावर नट सुटण्याआधी बोल्टच पिळवटून तुटतो.

यावर पहिला उपाय म्हणजे पातळ तेल. केशाकर्षणामुळे ते फटीत शिरते. पण त्याला वेळ लागतो, तास नव्हे तर दिवस. रोज थोडे तेल सोडायचे, हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि वाट पाहायची. गंजून अडकलेल्या दट्ट्यांसाठी सिलिंडरात तेल भरून काही आठवडे थांबणारे लोक आहेत.

दुसरा उपाय उष्णतेचा. येथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : नट तापवला, तर त्याचे भोक मोठे होईल की लहान? बरीच मुले म्हणतील, धातू प्रसरण पावून आत सरकेल आणि भोक लहान होईल. हे चूक आहे. तापलेल्या नटाची सगळी मापे एकाच प्रमाणात वाढतात, भोकाचेसुद्धा. पोलादाची लांबी दर अंश सेल्सियसला सुमारे एक लाखांश पट, नेमके सांगायचे तर 0.000012 पट वाढते. 25 मिलिमीटर व्यासाचे भोक 300 अंशांनी तापवले, तर ते 25 × 0.000012 × 300, म्हणजे 0.09 मिलिमीटरने मोठे होईल. ही वाढ जेमतेम एका केसाएवढी; पण गंजाचा थर फोडायला ती पुरते. मात्र नट तापवायचा आणि बोल्ट शक्य तितका थंड ठेवायचा. नट किंचित निवला की आट्यांवर मेणबत्तीचे मेण लावतात. ते वितळून फटीत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते.

गंज उलटा फिरवणे

लहान भागांवरचा गंज काढायला हे छांदिष्ट विद्युत अपघटन वापरतात. ही रीत शाळेतही करून दाखवता येईल.

प्लॅस्टिकच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या आणि त्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. गंजलेला खिळा किंवा पाना बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा, आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला. दोन्ही एकमेकांना न चिकटवता द्रावणात सोडा. 6 ते 12 व्होल्टची बॅटरी पुरते. थोड्याच वेळात पान्यावरून बुडबुडे निघू लागतात. हा हायड्रोजन आहे. त्याने गंजाचा थर सैल होतो, आणि काही गंजाचे ऑक्सिजन निघून जाऊन त्याचे काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. काही तासांनी पाना बाहेर काढून ब्रशने घासला की काळपट पण स्वच्छ धातू दिसतो.

येथे काही काळज्या घ्यायलाच हव्यात. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून प्रयोग उघड्या हवेत करावा आणि जवळ ज्योत नसावी. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे तयार होतात. सोड्याऐवजी मीठ वापरू नये; क्लोरिन वायू निघतो. ॲल्युमिनियमचा भाग द्रावणात टाकू नये, तो विरघळतो. कडक पोलादाच्या स्प्रिंगलाही ही रीत वर्ज्य आहे, कारण हायड्रोजन धातूत शिरून तिला ठिसूळ करतो. आणि तारा उलट जोडल्या, तर गंज जाण्याऐवजी पानाच झिजेल.

तडे आणि साचे

थंड प्रदेशातल्या जुन्या इंजिनांना आणखी एक दुखणे असते. हिवाळ्यात इंजिनातले पाणी काढायचे राहून गेले, की त्याचे बर्फ होते. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे 9 टक्के वाढते, आणि बिडाचे इंजिन तडकते. बीड ठिसूळ असते. घाईने वेल्डिंग केले तर शेजारी नवा तडा जातो. म्हणून आधी तड्याच्या दोन्ही टोकांना छोटी भोके पाडतात. तड्याच्या अणकुचीदार टोकाशी ताण एकवटतो. गोल भोकामुळे तो पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. मग तड्यावर ओळीने धातूच्या खुंट्या बसवून, जवळजवळ शिवण घालावी तसा, तो न तापवता बंद करतात.

जो भाग हरवलाच आहे, तो नव्याने ओतावा लागतो. जुना भागच साचा म्हणून वापरला तर? अशी चूक नवखे लोक करतात. वितळलेले बीड थंड होताना सुमारे 1 टक्का आकसते. 500 मिलिमीटर लांबीचा जुना भाग वाळूत दाबून ओतकाम केले, तर नवा भाग 495 मिलिमीटरच्या आसपास भरेल आणि बसणार नाही. म्हणून लाकडी नमुना तेवढ्या अंशाने मोठा करतात. त्यासाठी जुन्या कारागिरांकडे खास वाढीव मापाची पट्टी असे. मापाची पट्टी मुद्दाम ‘चुकीची’ बनवणे हेच तेथे बरोबर असते!

किती नवे, किती जुने?

ट्रक सुटा झाला, गंज निघाला. आता खरा अवघड प्रश्न येतो. रंग द्यायचा का? खूप घासून चकचकीत केलेला ट्रक जत्रेत उठून दिसतो. पण दारावर पुसट झालेले दूध डेअरीचे नाव, चालकाच्या बुटाने झिजलेली पायरी, कोणा लोहाराने अडचणीत मारलेले ठिगळ हे सगळे त्या ट्रकचे दप्तर आहे. ते एकदा घासले की परत मिळत नाही. जाणते लोक आधी एका कोपऱ्यात रंगाचे थर एकेक करून उघडे करतात, फोटो काढतात, नोंद ठेवतात आणि मगच ठरवतात. यावर घराघरांत वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत.

हे थर उघडताना जपावे लागते. जुन्या रंगात बहुधा शिसे असते. कोरडे घासल्यास त्याची धूळ श्वासात जाते, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून तेथे हवेचा झोत मारायचा नाही. आणि हँडल मारून इंजिन चालू करताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. ठिणगी वेळेआधी पडली, तर हँडल उलटे फिरून मनगट मोडते. पुस्तकापेक्षा ही गोष्ट आजोबांकडून नातवाला चांगली कळते.

आपल्याकडे काय?

हा विषय आपल्यापासून फार दूर नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने वाहने बनवायला घेतली. डॉज आणि फार्गो ही नावे जुन्या ट्रकचालकांच्या तोंडी अजून आहेत. 1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. त्यांतले किती आज उरले असतील? आपल्याकडे ट्रक म्हणजे पोटापाण्याचे साधन. ते थकले की भंगारात जाते. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. ते दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकी यांच्यासाठी होते. मालवाहू ट्रकांचा त्यांत समावेश केला नव्हता.

प्रत्येकाने ट्रक घेऊन दारात उभा करावा, असे अर्थातच आम्हाला म्हणायचे नाही. पण प्रत्येक गावात एखादा म्हातारा चालक, एखादा जुना मिस्त्री असतो. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा, घाटात कोणता गिअर धरायचा, हे त्याला ठाऊक असते. विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्याच्याकडे जावे, त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. शाळेच्या अडगळीतला पंप, शिवणयंत्र किंवा पिठाच्या गिरणीचे जुने इंजिन सुटे करून, चिठ्ठ्या बांधून, पुन्हा जोडून पाहावे. त्यातला पहिला जाम झालेला नट जेव्हा ‘कट्’ असा आवाज करून सुटेल, तेव्हा प्रसरणाचा पाठ वेगळा शिकवावा लागणार नाही.