काळ्या कागदावरचं गॉथम

‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’च्या शीर्षकदृश्यात मालिकेचं नावच येत नाही. पोलिसांची फुगीर विमानं आभाळातून प्रकाशझोत फिरवत असतात, चोर बँक उडवून पळतात, गच्चीवर त्यांना कुणीतरी गाठतं. पोलीस पोहोचेपर्यंत चोरांच्या मुसक्या आवळलेल्या असतात. मग वीज चमकते आणि उंच इमारतीच्या टोकावर उभी असलेली एक आकृती क्षणभर उजळते. जेमतेम मिनिटभराचं हे दृश्य, त्यात एक शब्द नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये फॉक्स वाहिनीने ही मालिका मुलांच्या कार्यक्रमांत आणली, तेव्हा शाळेतून येऊन, दप्तर टाकून टीव्हीसमोर बसलेल्या अमेरिकन मुलांच्या पुढ्यात आधी हे मिनिट यायचं. कुणीही समजावून सांगत नव्हतं, आणि मुलांना कळतही होतं.

पुढे ८५ भागांमध्ये या मालिकेने शोक, अपराधीपणा, व्यसन, मनोविकार, नात्यातली मारहाण असे विषय हाताळले. वेळ मात्र बहुतेकदा मुलांचीच, आणि वाहिनीचे नियमही मुलांच्या कार्यक्रमांचेच. निर्मात्यांनी धाडसाने नियम झुगारले म्हणून हे जमलं, असं बरेचदा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. नियम बहुतेक पाळलेच गेले. मालिका कशी घडत होती ते टप्प्याटप्प्याने पाहिलं, तर प्रौढपणा कुठून आला ते दिसतं.

सुरुवात चित्रांपासून करू. टिम बर्टनचा ‘बॅटमॅन’ चित्रपट १९८९ मध्ये तुफान चालला होता आणि वॉर्नर ब्रदर्सला त्याच नायकाची कार्टून मालिका हवी होती. कंपनीच्या ‘टायनी टून अ‍ॅडव्हेंचर्स’वर काम करणाऱ्या ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की या दोघांनी आपापल्या परीने प्रयत्न केले. टिम यांनी पात्रं रेखाटली, रॅडोम्स्की यांनी बॅटमॅनचं गॉथम शहर रंगवलं. दोन्ही एकत्र करून एक छोटी नमुनाफीत तयार झाली आणि मालिका त्यांच्याकडे आली.

कार्टूनची पार्श्वचित्रं सहसा पांढऱ्या कागदावर रंगवतात. रात्र दाखवायची तर त्यावर गडद रंग चढवायचे. रॅडोम्स्की यांनी कागदच काळा घेतला. सारवलेल्या अंगणात रांगोळी उठून दिसते, तसा त्या कागदावर उजेड उठून दिसायचा: खिडकीचा पिवळा चौकोन, दिव्याच्या खांबाखालचं वर्तुळ, ओल्या रस्त्यावरची चकाकी. बाकी सगळा मूळचाच काळोख. जिथे रंग लावला नाही तिथे रात्र आपोआप राहिली. या शैलीला पुढे ‘डार्क डेको’ म्हणू लागले, कारण इमारतींची ठेवण १९३०-४० च्या दशकांतल्या आर्ट डेको वास्तूंची होती. गाड्या लांब नाकाच्या, पुरुषांच्या डोक्यावर हॅट, टीव्हीवरचं चित्र कृष्णधवल. आणि तरी बॅटमॅनच्या गुहेत संगणक. गोष्ट नेमकी कोणत्या साली घडते हे ठरवताच येत नाही. मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओने १९४० च्या दशकात काढलेल्या सुपरमॅनच्या लघुपटांचा हा वारसा.

टिम यांची पात्रं याच्या उलट, अगदी साधी. चौकोनी जबडा, रुंद खांदे, अंगावर फालतू रेघ नाही. याला व्यावहारिक कारण होतं. प्रत्यक्ष हलती चित्रं जपान आणि कोरियातल्या वेगवेगळ्या स्टुडिओंमध्ये काढून घेतली जात. रेषा जितक्या कमी तितकं दुसऱ्याच्या हातून बिघडायचं भय कमी. तरीही दर्जा सारखा राहिला नाही. काही भागांत बॅटमॅनचा चेहरा दर दृश्याला थोडा बदलतो. उलट टोकियो मूव्ही शिन्शा या जपानी स्टुडिओने केलेल्या ‘फीट ऑफ क्ले’च्या उत्तरार्धात क्लेफेस या खलनायकाचं शरीर एका रूपातून दुसऱ्यात वितळत जातं, ते दृश्य आजही थक्क करतं.

कानांसाठीही तितकाच खर्च केला. शीर्षकसंगीत डॅनी एल्फमन यांचं. भागांच्या संगीताची धुरा शर्ली वॉकर यांच्याकडे होती. १९८९ च्या चित्रपटासाठी एल्फमन यांच्या संगीताचं वाद्यवृंद-संचालन त्यांनीच केलं होतं. प्रत्येक भागाला नवं संगीत, तेही खऱ्या वाद्यवृंदावर वाजवलेलं. मुलांच्या मालिकेत हे दुर्मीळ होतं. आवाजांची निवड आणि दिग्दर्शन अँड्रिया रोमानो यांचं. शक्य तेव्हा रोमानो सगळ्या कलाकारांना एकाच खोलीत बसवून संवाद ध्वनिमुद्रित करत, त्यामुळे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यावर आपसूक पडायचं. केविन कॉनरॉय मूळचे रंगभूमीचे नट. त्यांनी ब्रूस वेन आणि बॅटमॅन या एकाच माणसाच्या दोन रूपांना दोन वेगळे आवाज दिले, आणि त्यातला मुखवट्याचा आवाज ब्रूसचा होता. एकटा असताना, घरचा बटलर अल्फ्रेडशी बोलताना तो बॅटमॅनच्याच खोल आवाजात बोलतो. पार्टीत, चारचौघांत मात्र हलका, उथळ. जोकरसाठी आधी टिम करी यांची निवड झाली होती, नंतर ती भूमिका मार्क हॅमिल यांच्याकडे गेली. ‘स्टार वॉर्स’मधला सालस ल्यूक इतक्या तऱ्हांनी विकट हसू शकतो, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.

आता नियमांकडे वळू. वाहिनीचा एक विभाग प्रत्येक पटकथा आणि प्रत्येक चित्र तपासत असे. रक्त नको, गळा आवळणं नको, मुलं संकटात नकोत, नशा नको, काचेतून माणूस फेकायचा नाही, मृत्यू पडद्यावर दाखवायचा नाही. वैतागून ब्रूस टिम यांनी या सगळ्या निषिद्ध गोष्टी एकाच वेळी घडताहेत असं एक विनोदी चित्र काढलं होतं. एक सवलत मात्र मिळाली: बंदुका खऱ्या. आधीच्या कार्टूनमधले सैनिकसुद्धा रंगीत लेझर झाडायचे, गॉथमचे गुंड गोळ्या झाडतात.

बाकीच्या नियमांतून वाट कशी काढली, त्याचा नमुना ‘रॉबिन्स रेकनिंग’ या दोन भागांच्या कथेत आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये रविवारी संध्याकाळी, मोठ्यांच्या वेळेत ती दाखवली गेली. सर्कशीतल्या झुल्यावर, पुढे रॉबिन होणाऱ्या डिक ग्रेसनचे आईवडील कसरत करताहेत. खंडणी न मिळाल्याने टोनी झुको या गुंडाने दोर आधीच कुरतडून ठेवलाय. आईवडील पडताना दाखवायला मनाई. म्हणून ते झुल्यावर झोका घेत चौकटीबाहेर जातात, आणि परत येतो तो नुसता तुटलेला दोर. प्रेक्षकांचा श्वास अडकतो, वरच्या फळीवर मुलगा उभा. एवढंच. देह दाखवले असते तर क्षणभर धक्का बसला असता. इथे लहान मुलालाही समजतं आणि समजून घ्यायचं काम त्याचं त्यालाच करावं लागतं.

शिवाय मृत्यू दाखवता येत नसल्यामुळे लेखकांकडे मृत्यूनंतरचा वेळ उरला. ग्रेसन दांपत्याचा अंत काही सेकंदांत होतो, पण ब्रूस वेनच्या भल्यामोठ्या घरात रात्री एकटा पडलेला डिक, आपण काही करू शकलो असतो का असं विचारणारा डिक, आणि आपल्याही आईवडिलांची तशीच गत झालेली असल्याने त्याला खोटा धीर न देणारा ब्रूस, यांना कथा सावकाश जागा देते. दुःख नाहीसं होत नाही, कालांतराने थोडं हलकं होतं, एवढंच तो सांगतो. पहिल्या भागाला १९९३ चा प्राइमटाइम एमी मिळाला.

‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग मात्र जवळून पाहायला हवा. पटकथा पॉल डिनी यांची, दिग्दर्शन खुद्द टिम यांचं, लांबी सुमारे २२ मिनिटं. मिस्टर फ्रीझ हा कॉमिक्समधला तसा दुय्यम खलनायक. १९५९ मध्ये तो मिस्टर झीरो या नावाने आला, बर्फाची बंदूक घेऊन हिरे चोरायचा, इतकंच त्याचं कर्तृत्व. डिनी यांनी एकच प्रश्न विचारला: हा माणूस थंडीतच का राहतो?

उत्तर लगेच देत नाहीत. आधी दिसतो तो काचेच्या गोळ्यातली नर्तकीची बाहुली न्याहाळत कुणाशीतरी बोलणारा निर्विकार माणूस. मग गॉथकॉर्प या कंपनीवरचे दरोडे. आपल्याच साथीदाराचे पाय गोठले, तर हा त्याला तसाच टाकून जातो. त्याच्याविषयी सहानुभूती वाटायचं अजून काही कारण नाही. मध्यावर बॅटमॅनला एक व्हिडिओ टेप सापडते. व्हिक्टर फ्राइस हा शास्त्रज्ञ, त्याची बायको नोरा असाध्य आजाराने मरणपंथाला लागलेली. औषध सापडेपर्यंत तिला गोठवून जिवंत ठेवायचा त्याचा प्रयोग. खर्च फार होतो म्हणून कंपनीचा प्रमुख फेरिस बॉयल यंत्र बंद करायला लावतो आणि झटापटीत फ्राइस रसायनांत पडतो. आता शून्याखालच्या तापमानाशिवाय तो जगू शकत नाही. इथे गोष्ट उलटते, तीही बॅटमॅनच्या डोळ्यांदेखत. बॉयलला त्याच रात्री मानवतावादी म्हणून गौरवलं जाणार असतं!

या भागात बॉयलचा आवाज मार्क हॅमिल यांचा आहे, आणि जोकरपेक्षा हा सुटाबुटातला सभ्य गृहस्थ मला अधिक भीतिदायक वाटतो. फ्रीझचे संवाद म्हणणाऱ्या मायकेल अन्सारा यांना आवाजातून भावना काढून टाकायला सांगितलं होतं. त्या कोरड्या आवाजात पत्नीचं नाव आलं की बोचतं. एवढ्या गंभीर कथेत डिनी यांनी विनोदही पेरलाय. बॅटमॅनला सर्दी झालीय, अल्फ्रेड बळजबरीने थर्मासमधून चिकन सूप देतो. शेवटच्या मारामारीत तेच गरम सूप फ्रीझच्या थंडगार काचेच्या शिरस्त्राणावर पडतं आणि काच तडकते. हरलेला फ्रीझ पकडला जातो. बॅटमॅन ती टेप वार्ताहर बाईच्या हाती देतो, कंबरेपर्यंत गोठलेल्या बॉयलला सोडवायची घाई करत नाही, टोमणा मारून निघून जातो. पण जिंकल्याचा आनंद कुठेच नाही. शेवटी कोठडीत फ्रीझ नोराची क्षमा मागतो आणि कथा थांबते. नायक बरोबर होता, खलनायकाचा सूडही समजण्यासारखा होता, आणि तरी कुणाचंच भलं झालं नाही, हे आठ-दहा वर्षांच्या मुलांना सांगून टाकलं होतं. या भागाच्या लेखनाला डेटाइम एमी मिळाला. कॉमिक्सनी फ्रीझचा हा भूतकाळ उचलला, १९९७ च्या चित्रपटानेही उचलला.

हार्वी डेंटच्या ‘टू-फेस’ या दोन भागांतही हीच रीत. सरकारी वकील, निवडणुकीला उभा, ब्रूसचा मित्र. लहानपणापासून दाबलेला राग त्याच्या आत दुसरी व्यक्ती होऊन बसलाय. तो गुपचूप मानसोपचार घेतो आणि ती फाइल हाती लागलेला गुन्हेगार रुपर्ट थॉर्न त्याला ब्लॅकमेल करतो. चेहरा जळतो तो नंतर. म्हणजे त्याला बरबाद करते ती उपचाराची लाज. हार्ली क्विन तर कॉमिक्समध्ये नव्हतीच, ती या मालिकेत जन्मली. ‘जोकर्स फेव्हर’मध्ये तिची भूमिका किरकोळ होती, डिनी यांनी ती आपल्या मैत्रिणीला, आर्लीन सॉर्किन यांना, डोळ्यांपुढे ठेवून लिहिली. ती इतकी भावली की परत परत आली. विदूषकाच्या वेशातली ही मुलगी लहानांना हसवते. मोठ्यांना दिसतं की जोकर तिला वापरतो, हाकलतो, आणि ती पुन्हा त्याच्याकडेच जाते. डिनी आणि टिम यांनी १९९४ च्या ‘मॅड लव्ह’ या कॉमिकमध्ये ती पूर्वी मानसोपचारतज्ज्ञ होती, हा इतिहास भरला.

सगळंच सोनं नाही. लहान मुलांना नायक करून रचलेले काही भाग रटाळ आहेत. दुसऱ्या सत्रात वाहिनीला रॉबिन जास्त हवा होता म्हणून तो नको तिथेही येतो. मोठी उणीव वेगळी: अर्कहम हे मनोरुग्णालय, आणि तिथला जवळजवळ प्रत्येक रुग्ण धोकादायक गुन्हेगार. हार्वीबद्दल इतकी समज दाखवणाऱ्या मालिकेने मनोविकार आणि गुन्हा यांची गाठ मात्र कधी सोडवली नाही. ती कॉमिक्समधून वारशाने आली होती हे खरं, पण फ्रीझ बदलता आला तर हेही बदलता आलं असतं.

नव्याने पाहणाऱ्यांनी पहिल्यापासून क्रमाने पाहायचा हट्ट धरू नये. प्रत्येक कथा बहुधा आपल्यापुरती पूर्ण आहे. ‘हार्ट ऑफ आइस’, मग ‘टू-फेस’चे दोन भाग, मग ‘रॉबिन्स रेकनिंग’, आणि थोडं हलकं हवं असेल तर ‘बिवेअर द ग्रे घोस्ट’. त्यात १९६६ च्या मालिकेतले बॅटमॅन अ‍ॅडम वेस्ट एका विस्मृतीत गेलेल्या नटाच्या भूमिकेत बोलतात. डिसेंबर १९९३ चा ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ हा चित्रपट त्यानंतर. घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर त्याच्यासोबत बसून पाहा, त्याला एकट्याला टीव्हीसमोर सोडून स्वयंपाकघरात जाऊ नका. दोर रिकामा परत येतो तेव्हा ते काहीतरी विचारेल.