‘तीन कामकाजाचे दिवस’ म्हणजे नक्की कधी? गडचिरोलीत तारीख वेगळी का येते

‘आपला अर्ज मिळाला. तीन कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही होईल.’ मोबाइलवर असा मेसेज आला की आपण बोटांवर दिवस मोजतो. सॉफ्टवेअरही तेच करते. पण सुट्ट्यांची यादी त्याला आधी कोणीतरी द्यावी लागते आणि ती यादी मुंबईची असेल तर गडचिरोलीत घोळ होतो.

एप्रिल २०२४ चे कॅलेंडर काढा. समजा, सोमवारी, १५ तारखेला अर्ज केला. १७ ला रामनवमीची सुट्टी. मुंबईत मोजायचे दिवस १६, १८ आणि १९, म्हणजे मुदत शुक्रवारी संपली. पण १९ एप्रिलला चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर मतदारसंघांत लोकसभेचे मतदान होते, त्यामुळे इथे सार्वजनिक सुट्टी. मुंबईत मतदान झाले ते थेट २० मे रोजी.

पुढचा दिवस शनिवार. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून ती बंद. बँका मात्र दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीच बंद असतात, आणि २० एप्रिल होता तिसरा शनिवार. म्हणजे गडचिरोलीतल्या बँकेत तिसरा दिवस शनिवारी, २० ला आला आणि तहसील कार्यालयात सोमवारी, २२ ला. मुंबईच्या यादीवर विसंबून शुक्रवारी भामरागडहून निघालेल्या माणसाची फेरी फुकट आणि दिवसाची मजुरीही बुडाली.

यादी एकच का नाही?

सार्वजनिक सुट्ट्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खाली जाहीर होतात. रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात मुंबई आणि नागपूरचे रकाने वेगळे आहेत. त्यात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या देतात, त्या बँका आणि न्यायालयांना सहसा लागू नसतात. शिवाय तारखा ऐनवेळी बदलतात. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी ५ ऐवजी ८ सप्टेंबरला झाली, पण ती फक्त मुंबई शहर आणि उपनगरात. वर्षाच्या सुरुवातीला यादी एकदा भरून विसरून जाणारे सॉफ्टवेअर इथेच चुकते.

एक्सेलमधले ‘वर्कडे’ हे सूत्र शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरते. त्याच्या ‘इंटल’ प्रकारात 0000001 लिहिले की फक्त रविवार सुट्टी होतो. पण ‘दुसरा आणि चौथा शनिवार’ सांगायची सोय त्यातही नाही. ते शनिवार सुट्ट्यांच्या यादीत हाताने टाकावे लागतात. ओळखायला सोपे आहेत: ८ ते १४ आणि २२ ते २८ या तारखांमध्ये येणारे. सुट्टीच्या तक्त्यात तारखेशेजारी जिल्हा आणि संस्था हे दोन रकाने ठेवले तरी निम्मा घोळ मिटतो. माझ्या मते हे काम कोडिंगचे कमी आणि शासन निर्णय वेळेवर वाचण्याचे जास्त आहे.

नुसते ‘दिवस’ लिहिले असेल तर?

मग सुट्ट्याही मोजायच्या. माहिती अधिकारातले ३० दिवस असेच सलग धरतात. अर्जदाराने मुदतीत काही दाखल करायचे असेल आणि शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल, तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टचे कलम १० कामी येते: कार्यालय उघडेल त्या पुढच्या दिवशी दिलेला कागद वेळेत धरला जातो.

यात ‘कार्यालय बंद’ हे शब्द महत्त्वाचे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. शाळांना सुट्टी मिळते, पण तेवढ्याने सार्वजनिक सुट्टी होत नाही. गडचिरोलीतले कार्यालय उघडे असते, आणि सॉफ्टवेअर तो दिवस कामकाजाचाच मोजते.