हिवताप आणि आमच्या भिंती

शहरातून आलेल्या माझ्या वर्गमित्रांना मलेरिया म्हणजे चार दिवसांचा थंडीताप वाटतो. आमच्या धानोरा तालुक्यात, किंबहुना सगळ्या गडचिरोली जिल्ह्यात, त्याचा फॅल्सिपेरम हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो मेंदूपर्यंत गेला की रोगी बेशुद्ध होतो आणि उपचाराला उशीर झाला तर दगावतो.

सरकारने या रोगाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम उघडली ती १९५३ साली. डी.डी.टी.च्या फवारणीने १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या एक लाखापर्यंत खाली आली. पण १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. डासांना औषधाची सवय झाली, हे एक कारण पुस्तकात सापडते. दुसरे एक कारण मला आमच्या घराच्या भिंतींत दिसते.

फवारणी झाली तरी डास चावतातच, मग तिचा उपयोग काय, असे गावात नेहमी विचारतात. याचे उत्तर असे : रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी विसावण्यासाठी भिंतीवर बसते. तेथील औषध तिच्या पायांना लागते व ती मरते. रोग्याच्या रक्तातून आलेले जंतू तिच्या अंगात वाढून दुसऱ्याला बाधण्याजोगे व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस ती जगलीच नाही, तर रोग पुढे जात नाही. म्हणजे माझ्या घरची भिंत माझ्यापेक्षा शेजाऱ्याला अधिक राखते!

आता आमच्याकडची रीत पाहा. पोळा आला की बाया शेणामातीने भिंती पोतारतात. औषधाचे पांढरे डाग आणि वास कोणाला आवडणार? फवारणी होऊन आठ दिवस होत नाहीत तोच त्यावर मातीचा हात फिरतो, आणि औषध आत गाडले जाते. यात अडाणीपणा आहे असे मी म्हणणार नाही. सणाला घर मळके ठेवणे आईला कसे पटावे?

गोटुलात यावर बैठक झाली तेव्हा तोड सुचवली ती बायांनीच. फवारणीची तारीख आधी कळवा, आम्ही त्यापूर्वी पोतारून घेऊ. पुढे दोन-अडीच महिने फक्त जमीन सारवू.

बाकीचे उपाय सर्वांना ठाऊक आहेत. विहिरीत व बोडीत गप्पी मासे सोडतात, ते डासांच्या अळ्या खातात. वाहत्या नाल्यात मात्र ते टिकत नाहीत, तिथे काठचे गवत कापून डबकी मोकळी करावी लागतात. गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९८३ पासून असेच मासे सोडून आणि खड्डे बुजवून गावकऱ्यांच्या मदतीने काम झाले. निंबाच्या पाल्याचा धूर आजी रोज करते. धूर असेपर्यंत डास दूर राहतात, एवढेच. औषधी मच्छरदाण्या घरोघर मिळाल्या आहेत, पण धान राखायला बाबा मचाणावर निजतात आणि मच्छरदाणी घरी खुंटीला! यंदा ती मचाणावर बांधून दिली.

ताप आला की प्रथम पुजाऱ्याकडे जाण्याची आमची चाल आहे. आमच्या गावचा पुजारी हल्ली अंगारा देतो आणि लगेच आशाताईकडे पाठवतो. बोटातील थेंबभर रक्तावरून वीस मिनिटांत निदान होते.

यंदा कोतवालाने पोळ्याच्या आधी दवंडी दिली. पथक आले तेव्हा बहुतेक भिंती पोतारून वाळल्या होत्या. दोन घरांनी मात्र देवघराची खोली उघडली नाही.