इंजिनाच्या उजळ अॅल्युमिनियमवर पारदर्शक लेप

मोटारसायकल असो कीं फवारणीचें लहान इंजिन, त्याचे अॅल्युमिनियमचे भाग घासून आरशासारखे करण्याची हौस कित्येकांस असते. हौस वाईट नव्हे. परंतु ती झिलई टिकविण्यासाठीं पारदर्शक वार्निश सरसकट फासणें आम्हांस मान्य नाहीं.

हा धातु हवेंत आपल्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरितो, व त्यानेंच त्याचें रक्षण होतें. तीव्र आम्ल आणि कॉस्टिक सोडा हीं दोन्ही त्यास मारक. त्यांतून मोरचूद फार वाईट. त्यांतील तांबें अॅल्युमिनियमवर बसतें आणि धातूस बारीक खड्डे पडतात. ज्यांच्या इंजिनावर बोर्डो मिश्रणाचे शिंतोडे उडतात त्या नाशिककडील द्राक्षबागाईतदारांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

लेप द्यावयाचाच तर झिलईच्या मसाल्यांतील मेण व तेल आधीं समूळ काढावें. तरीही अतिगुळगुळीत पृष्ठावर लेप घट्ट धरीत नाहीं. एक चरा पडला कीं ओल आंत शिरते व लेपाखालीं डाग पसरतात. मग सगळें खरवडून पुन्हां घासणें आलें. थकबाकी वाढावी तसें काम वाढत जातें. साध्या अॅक्रिलिक वार्निशास पेट्रोल विरघळवितें. दोन द्रव्यें मिसळून लावावयाचें पॉलियुरेथेन पेट्रोलास दाद देत नाहीं, पण तें फवारतांना उडणारे तुषार फुप्फुसांस घातक. सबब तें काम जाणत्या रंगाऱ्याकडेच द्यावें.

सिलिंडरच्या थंडाव्याच्या पात्यांस लेप देऊंच नये. तेथील उष्णतेनें तो पिवळा पडतो. अशा भागांस फवारणीच्या दिवशींच, इंजिन निवल्यावर, हवेच्या तोंडावर फडकें बांधून साध्या पाण्यानें धुवावें व कोरडें पुसावें.